भुईवर

चंदाबाईचं डोकं तिसऱ्यांदा भावाच्या पाठीवर आपटलं. उमाजीनं मागून तिच्या कपाळाला हात लावून ते पुन्हा सरळ केलं.

मोटरसायकल तिचा भाऊ दिनेश चालवत होता. मध्ये चंदाबाई, मागे तिचा नवरा उमाजी. ती घसरू नये म्हणून तिघांभोवती लुगडं गुंडाळून गाठ मारली होती. मे महिन्यातली दुपार. जंगलातून अकरा किलोमीटर कच्चा रस्ता. रुग्णवाहिका डांबरी रस्त्याच्या फाट्यापर्यंत येणार होती. तिथवर तिला जिवंत न्यायचं होतं.

"बाई बोलून राह्यली का, भाऊजी?"

"तू समोर पाह. बोलन थे."

ती बोलत नव्हती. पहाटेपासून तेंदूपत्ता तोडून ती दहा वाजता घरी आली होती. पानांचे पुडे बांधता बांधता तिला भोवळ आली. दोन वर्षांपासून तिला बीपी होता. चक्कर आली म्हणजे बीपी चढला, हे उमाजीला पक्कं ठाऊक. त्यानं सकाळच्या गोळीवर आणखी एक दिली. तासाभरानं ती पुन्हा कोलमडली, तेव्हा तिसरी. शेजारच्या बायनाबाई चटई घेऊन धावत आल्या, तर तो त्यांच्यावरच खेकसला, "खाली टेकवू नका तिले! मेली नाई अजून."

बेशुद्ध माणसाला भुईवर घ्यायची वेळ त्यांच्या घरात एकच असते, जीव जातानाची. उमाजीनं बापाला घेतलं होतं, आईला घेतलं होतं. बायकोला घेणार नव्हता. खांबाला टेकवून, मग स्वतःच्या छातीला टेकवून, त्यानं तिला बसतं ठेवलं. मोटरसायकलवरही तेच. गाडी खड्ड्यात गेली की ती वाकायची. तो तिला उचलून ताठ करायचा. त्याचे दंड भरून आले होते.

आठ किलोमीटर झाले. तिच्या अंगावरचा घाम गार होता. त्यानं तिचं मनगट धरलं. तळ्यात जाळं टाकणाऱ्या त्याच्या बोटांना अडकलेल्या मासोळीची बारीकशी फडफडही दोरीवरून कळायची. त्या बोटांना काहीच लागलं नाही. दुसरं मनगट धरलं. तिथंही नाही.

"थांबव गाडी."

"काऊन?"

"थांबव म्हणतो ना. अशी गाडीवर बसल्याबसल्या जाऊ देऊ का तिले?"

दिनेशनं गाडी थांबवली, पण उतरला नाही. "माही बाई जित्ती हाय. तीन किलोमीटर रायले. धरून ठेवा तुमी!"

"धरूनच आणलं ना बापा. हात लाव तिले. सांग, हाय का काई?"

दिनेशनं मागे हात नेऊन बहिणीचा हात धरला. बराच वेळ धरला. मग लुगड्याची गाठ सोडली.

रस्त्याच्या कडेला मोहाची सावली होती. दोघांनी तिला तिथं भुईवर ठेवलं. उमाजीनं दिशा पाहिली आणि तिचे पाय दक्षिणेकडे केले. रस्त्याचा भराव नेमका त्याच बाजूला होता, त्यामुळे पाय वर राहिले आणि डोकं खाली गेलं. ते बरं दिसत नव्हतं, पण दिशा चुकवून चालणार नव्हतं. त्यानं बाटलीतल्या पाण्यात बोट बुडवलं आणि तिच्या ओठावर धरलं. थेंब गालावरून ओघळला.

दिनेश पाठ करून बसला. उमाजी तिचे पाय कुरवाळत राहिला. सोळाव्या वर्षी त्याच्या घरात आलेले पाय. तो रडला नाही. गोळ्यांचं पाकीट त्याच्या खिशात होतं. ते त्यानं दूर झुडपात फेकलं.

मग पुन्हा बोट ओलं करून तिच्या ओठावर धरलं. या वेळी ओठ हलले.

"दिनेश," तो कसाबसा म्हणाला.

चंदाबाईनं डोळे उघडले. "पाणी द्या ना जी."

फाट्यावर कोणीच येईना म्हणून रुग्णवाहिका कच्च्या रस्त्यानं आत आली होती. डॉक्टर बाई उतरल्या आणि तिथंच गुडघ्यावर बसल्या. मशीनवर वरचा आकडा ऐंशी आला. त्यांनी सलाईन लावलं. उमाजीनं तीन गोळ्यांचं सांगितलं, तेव्हा त्यांनी मान हलवली.

"बीपी चढला नव्हता, पडला होता. उन्हात घाम जाऊन अंगातलं पाणी संपलं. त्यात ही गोळी रक्ताच्या नळ्या सैल करते. मग माणूस बसवला की रक्त पायात उतरतं, डोक्याला पोचतच नाही. तसंच गाडीवर बसवून आणलं असतं, तर फाटा येईपर्यंत संपलं होतं." त्यांनी वर असलेल्या पायांकडे पाहिलं. "बरोब्बर झोपवलंत. कोणी शिकवलं तुम्हाला?"

दिनेश जमिनीकडे बघत राहिला.

चंदाबाईनं मान जराशी वळवली. खाली माती, वर सावली, भरावावर पाय. सासू-सासऱ्यांना असंच ठेवताना तिनंच हात लावला होता.

"मले भुईवर घेतलं होतं का जी?"

"हो," उमाजी म्हणाला. ती हातावर भार देऊन उठू लागली, तसं त्यानं तिचा खांदा जमिनीला दाबून धरला. "पण आता उठू नको."