उष्टी हवा

साकीनाक्याच्या कंपनीनं वर्षभरात एसीचं वीजबिल चांगलंच घटवलं होतं. ऊर्जाबचतीच्या बक्षिसाआधी तपासणीला इंजिनिअर उत्तरा गच्चीवर चढली, सोबत मॅनेजर सबनीस. तिथल्या एसीच्या यंत्राच्या ताजी हवा आत घेणाऱ्या तोंडातच काहीतरी कोंबलेलं होतं. तिनं ओढलं, तर बुळबुळीत बुरशीनं माखलेला फ्लेक्स निघाला. त्यावर हात जोडून पर्यावरणदिनाच्या शुभेच्छा देणारे खुद्द सबनीस! तिनं तो त्यांच्यासमोरच धरला. “अहो, खाली बिनखिडकीच्या हॉलमध्ये दोनशे माणसं एकमेकांची उष्टी हवा ओढतायत! खोकला ऐकू येत नाही?” “बाहेरची गरम हवा घेतलीच नाही, तर गार करायला वीज कशाला लागेल, मॅडम?” सबनीस खुशीत म्हणाले. “आणि तुमच्या केबिनमध्ये?” “मला एसी सोसत नाही ना. खिडकी उघडी ठेवतो.” उत्तरा तरातरा खाली उतरली आणि तोच फ्लेक्स त्यांच्या खिडकीत कोंबून म्हणाली, “बसा आता.”