मालनबाईची राखण

सृष्टीने दम्याच्या पेशंटसाठी तळहातावर मावणारं श्वासाचं यंत्र बनवलं. वकिलाने बजावलं, "पेटंटचा अर्ज जाईपर्यंत कुलपात ठेवा."

शनिशिंगणापुरातल्या तिच्या घराला दारच नाही, तर कुलूप कुठे लावणार? अर्जावर सह्या करायला नगरला जाताना तिने आईला, मालनबाईला, यंत्रापाशी बसवलं. "आई, हे चोरीला गेलं तर माझी तीन वर्षं पाण्यात!"

संध्याकाळी परतली, तर यंत्र जागेवर.

"दवाखान्याच्या मशिनी बनवणारे चार साहेब शनीच्या दर्शनाला आल्ते, बिनदाराचं घर बघाया आत शिरले," आई म्हणाली. "सारखे यंत्राकडंच बघत हुते. मंग मीच स्क्रू काढून आतलं समदं दाखवलं, फोटो काढू दिले, तुझा आकृतीचा कागद बी दिला."

अर्ज तर उद्या जाणार होता; सृष्टीने घाबरून वकिलाला फोन लावला.




"आगं, भिती कशाला? कुनाला चोरायची वेळच येऊ दिली न्हाई मी!"