चौथऱ्याखालची ठकठक

आमच्या अंबरनाथ एमआयडीसीतल्या कंपनीत स्फोट झाला आणि माझा नवरा धर्मराज ढिगाऱ्याखाली गेला. "आत कुणी जिवंत नाही," असं सांगून आमदारसाहेबांनी खोदकाम थांबवलं. वर काँक्रीट ओतून झकास स्मारक बांधलं.

आज पहिला स्मृतिदिन. सगळे मौन पाळून उभे राहिले आणि चौथऱ्याखालून ठकठक ऐकू आली.

धर्मराज सांगायचा, टाकी साफ करायला उतरलेला माणूस आतून पान्याने असंच ठोकतो. वरच्याने उलट ठोकायचं, म्हणजे त्याला धीर येतो.

मी दगड उचलून चौथऱ्यावर ठोकला. खालून लगेच उत्तर आलं.

"साहेब, ऐकताय ना?"

हार हातात तसाच धरून, माझ्याकडे न बघता, साहेब पीएला हळूच म्हणाले, "हा अजून ठोकतोय?"