नसलेली शाळा

"तिथे शाळा नव्हतीच, असं त्यांचं म्हणणं आहे," दुभाषा म्हणाला. "धान्याचं गोदाम होतं म्हणे."

टेबलाच्या अलीकडे बाई शांत बसून होत्या. सरहद्दीपलीकडच्या गावात त्यांनी पदरमोड करून शाळा काढली होती. पुढे तिकडचं सरकार बदललं. परक्या नागरिकांना देशाबाहेर काढलं आणि शाळेवर बुलडोझर फिरला. तेव्हापासून अशा सगळ्यांच्या नुकसानभरपाईच्या एकेका दाव्यावर दोन्ही सरकारं घासाघीस करत होती. वाटाघाटींच्या या खोलीतले पडदेसुद्धा विटून बदलून झाले होते. तिकडचे प्रतिनिधी तर किती आले नि किती गेले. आजचे पिकल्या केसांचे गृहस्थ पहिल्यांदाच आले होते आणि हाती दिलेला कागद वाचून दाखवत होते.

"बाई, जरा धीर धरा," शेजारी बसलेले आपल्या बाजूचे अधिकारी कुजबुजले.

"अहो, जन्मभर पहिलीचा वर्ग सांभाळलाय मी. धीराचं मला काय सांगता?" बाई हसल्या. "पैसे नाही मिळाले तरी चालेल. शाळा होती, एवढं त्यांच्याकडून लिहून घ्या. नाहीतर माझी पोरं शिकली कुठे?"

पण कागद तयार होता. 'दावा अमान्य' या शब्दांखाली समोरून सही झाली, की प्रकरण कायमचं बंद होणार होतं.

समोरच्या गृहस्थांनी पेन उचललं. अंगठा बाजूला ठेवून ते पहिल्या दोन बोटांत धरलं, सिगारेट धरावी तसं. अधिकाऱ्यांना हसू आवरेना. बाई मात्र पुढे वाकल्या.

"पेन असं धरायला कुणी शिकवलं हो तुम्हाला?"

दुभाष्याने तोंड उघडलं. समोरच्या गृहस्थांनी त्याला हातानेच थांबवलं. ते बाईंच्या तोंडाकडे बघतच राहिले. मग सही न करताच त्यांनी पेनाला टोपण लावलं, आणि बाईंच्याच भाषेत, शब्द आठवत आठवत म्हणाले,

"तुमचा अंगठा मोडला होता ना, बाई, तेव्हा तुम्ही खडू असाच धरायचात. आमचा अख्खा वर्ग अजून असंच लिहितो."