डावीकडचा खळगा

टपाल वाहणारं जुनं विमान प्रदर्शनात मांडायचं म्हणून संग्रहालयातल्या कारागिरानं ते जीव ओतून दुरुस्त केलं होतं. उद्घाटनाला ते विमान चालवणाऱ्या वैमानिकाची मुलगी आली, तेव्हा त्यानं दोरी बाजूला करून तिला कॉकपिटपाशी नेलं. “सगळ्यात जास्त या सीटनं छळलं,” तो अभिमानानं म्हणाला. “डावीकडून पार खचली होती. आतला काथ्या उपसून नवा भरला. आता बघा, कशी सपाट.” ती सीटकडे बघतच राहिली. “बाबांची कंबर दुखायची. सारखे डावीकडे रेलायचे,” ती म्हणाली. “ते गेल्यावर विमान हँगरमध्येच पडून होतं. शाळा सुटली की मी त्या खळग्यात बसायचे. जुना काथ्या ठेवलाय का?” “कचऱ्यात गेला, ताई,” तो पुटपुटला. “असू दे. काम छानच केलंय तुम्ही.” तिनं डावीकडे तळहात टेकवला. गादी जराशी दबली, हात उचलताच पुन्हा सपाट झाली.