साहेब घरात आहेत

कुमुदताई वारल्या तेव्हापासून वॉशिंग मशीन भास्कररावांचे कपडे न पिळताच, पाणी गळत असलेले बाहेर द्यायचं. घरच्यांच्या सवयी बघून शिकणारं मशीन म्हणे, पण अक्कल शून्य, असं भास्करराव सोसायटीभर सांगत फिरत. त्यांनी नळी तपासली, जाळी साफ केली, वर दोन लाथाही घातल्या. मशीन ढिम्म.

शेवटी लेक आली, मेघना. तिनं सरळ मशीनलाच विचारलं, "काय गं बाई, पिळत का नाहीस?"

"साहेब घरात आहेत," मशीन दबक्या आवाजात म्हणालं. "ते असले की आवाज करायचा नाही, ओरडतात. कुमुदताईंनी सांगितलंय. त्या हातानं पिळून घेतात."

"काहीतरीच," भास्करराव हसायला गेले. "आमचं कधी भांडण झालं नाही. विचार तुझ्या आईला."

मेघनानं मशीनच्या बटणांवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "पुसून टाकू का हे? पण आईनं शिकवलेलं सगळंच जाईल."

भास्कररावांनी चपला घातल्या आणि ते जिन्यात जाऊन उभे राहिले. दार लागलं मात्र, आत मशीन दणक्यात घुमायला लागलं.

शेजारचे चौबळ वर येत होते. "काय हो, घराबाहेर काढलं की काय कोणी?"

"हो," भास्करराव म्हणाले. "कुमुदनं."