ज्योतीवरची फुंकर

डोकं दिसायला लागलं की बाईला जोर करू द्यायचा नाही. लहान लहान श्वास सोडायला लावायचे. अमरावतीच्या जनाना दवाखान्याच्या ओसरीवर उभी राहून सत्यवती हेच पुन्हा पुन्हा मनात घोळवत होती. समोरच्या कडुनिंबाचा मोहोर झरत होता आणि त्या गोडसर वासानं तिला परीक्षेच्या सकाळीही गुंगी येत होती.

आज डॉक्टरीणबाईंसमोर एक बाळंतपण पार पाडायचं. ते नीट झालं की सुईणीचं सर्टिफिकेट आणि अकोल्याच्या दवाखान्यात नोकरी. नाही झालं, तर तिथल्याच जुन्या शहरातलं सासर, तीच चूल आणि बारशाला गेलं की तिला पाळण्यापासून लांब बसवणाऱ्या बाया. लग्नाला इतकी वर्षं होऊन तिची कूस उजवली नव्हती. तान्हं मूल तिच्या हातात कुणी देत नसे. इथं मात्र जगात येणारं मूल आधी तिच्याच हातात येई. त्या ओल्या, उबदार ओझ्याचा तिला लोभ जडला होता, खोटं कशाला सांगा.

नवरा म्हणजे देवमाणूस. चिंतामणशास्त्री भिक्षुकी करत. बायकोला शिकायला धाडलं तेव्हा गावानं नाकं मुरडली, पण ते बधले नाहीत. ‘‘शिकू द्या तिले. आमच्या घरी पाळणा नाही हालला, दुसऱ्याच्या घरचा तर हालू द्या,’’ असं त्यांनी चारचौघांत सुनावलं. वरूडजवळच्या शेंदूरजनाघाटच्या बागाईतदारांकडे ते पूजा सांगायला जात आणि परतताना अमरावतीला उतरून तिला पिशवीभर संत्री देत. बरोबरच्या मुलींना हेवा वाटे. सत्यवती एखादं संत्रं उशाशी ठेवून झोपे, आणि स्वप्नात तिला झाडांना तान्ही मुलं लगडलेली दिसत.

श्वासाची गोष्ट पुस्तकात फार रुक्ष होती. तिनं ती आपल्या मनानं सोपी केली. दिवाळीच्या सुट्टीत घरी निरांजनासमोर बसून तिनं नवऱ्याला दाखवलं होतं. फुंकर अशी घालायची, की ज्योत हलली पाहिजे, विझली नाही पाहिजे. शास्त्रीबुवांनी ओठांचा चंबू करून पाहिला आणि पहिल्याच फुंकरीत निरांजन विझवलं. अंधारात दोघंही पोट धरून हसली. दवाखान्यात तिनं हे अजून कुणाला सांगितलं नव्हतं. परीक्षेच्या दिवशीच काढायचं, असं तिनं ठरवलं होतं.

आतून बोलावणं आलं. खाटेवर एक तरुण बाई तळमळत होती. कपाळ कोरं, हातात बांगडी नाही. उशाशी एक म्हातारी बसली होती.

‘‘मी पार्बताबाई. हे माही भाची, गंगू,’’ म्हातारी म्हणाली. ‘‘बागेतले लोक आमी, वरूडकडचे. गावची सुईण तापानं पडली, म्हून काल मोटारीत घालून आणलं. बाकी काई इचारू नका बाई.’’

अशा बाया येत, आपल्या गावापासून लांब, ओळखीच्या नजरा टाळून. त्यांना काही विचारायचं नाही, हा दवाखान्याचा रिवाजच होता. सत्यवतीनं हात धुतले.

‘‘भेव वाटते काय?’’ तिनं विचारलं.

‘‘वाटून राहिलं,’’ गंगू म्हणाली. ‘‘पण मले लेकरू पायजे.’’

दुपार चढली. कळा येत, जात. खिडकीतून मोहोराचा वास आत येई आणि मधल्या शांततेत सत्यवतीला वाटे, आपण अकोल्याच्या मोर्णा नदीच्या पाण्यात पाय सोडून बसलो आहोत. कोपऱ्यात डॉक्टरीणबाई गप्प बसून सगळं बघत होत्या.

शेवटी डोकं दिसलं.

‘‘आता जोर नको करू,’’ सत्यवती म्हणाली. पुढचं ती बोलणार, तोच गंगूनं ओठांचा चंबू केला. हळू, थरथरती फुंकर. मग दुसरी.

‘‘ज्योत हालली पायजे,’’ ती पुटपुटली, ‘‘इझली नाई पायजे.’’

‘‘छान तयारी करून घेतलीस हिची,’’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

सत्यवतीचे हात आपलं काम करत राहिले.

‘‘गावच्या सुईणीनं शिकवलं काय?’’ तिनं खालच्या आवाजात विचारलं.

गंगूनं नाही म्हणून मान हलवली. नाव घे म्हटल्यावर नवी नवरी लाजते, तशी ती तेवढ्या वेदनेतही लाजली.

मूल आलं. मुलगा. खणखणीत रडला. सत्यवतीनं त्याला पुसलं, फडक्यात गुंडाळलं आणि नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ छातीशी धरलं. तो डोळे किलकिले करून तिच्याकडे बघत होता. हे सगळं आपण झोपेत बघतो आहोत, असं तिला वाटलं. मग तिनं त्याला त्याच्या आईच्या कुशीत ठेवलं.

‘‘पास,’’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बाहेर कडुनिंबाखाली चिंतामणशास्त्री वाट बघत उभे होते. परीक्षा म्हणून ते मुद्दाम अकोल्याहून आले होते.

‘‘पास झाले,’’ ती म्हणाली.

त्यांचे डोळे भरून आले. त्यात खोटं काही नव्हतं.

‘‘चल, आताच अंबादेवीले जाऊ. मी माझ्या हातानं अभिषेक करतो.’’

‘‘मी बाळंतिणीले शिवली आहे. चालेल?’’

‘‘काहून नाही चालणार?’’ शास्त्रीबुवा हसले. ‘‘सुईणीनं आंघोळ केली का झालं. सोयर असते ते मुलाच्या बापाले. त्यानं दहा दिवस देवाले शिवू नये.’’

सत्यवतीनं पदराला हात पुसले.

‘‘मग मी आंघोळ करून एकटीच जाऊन येते,’’ ती म्हणाली. ‘‘तुमी दहा दिवस देवाले शिवू नका. मुलगा झाला.’’